कलिंगड गोड निघेल हे बाहेरून कसं ओळखता? (दोनदा फसलेय)

कोथरूडची_झळ:
पुण्यात आता दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, स्कूटरची सीट म्हणजे तवा झालाय, घरी आलं की कलिंगड सोडून काही खावंसंच वाटत नाही. पण या महिन्यात तीन आणली त्यातली दोन फसली. एक आतून पांढरट, काकडीच जणू, आणि दुसरं लाल होतं पण चव शून्य, साखर घालून ज्यूस करून कसंबसं संपवलं. गाडीवाला टिचकी मारून म्हणतो "ताई एकदम शुगर", मग मी पण टिचकी मारते, मला काही कळत नाही, उगाच मान हलवते. शिवाय घरात तिघंच, पाच किलोचं फळ फ्रिजमध्ये घातलं की दूध-भाज्या बाहेर. सासरे म्हणतात पाण्याच्या बादलीत ठेव. खरंच गार होतं का? आणि ते लाल रंगाच्या इंजेक्शनचं खरं आहे का, सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक व्हिडिओ येतो.

इंदापूरचा_पोरगा:
ताई, घरचं दोन एकर कलिंगड असतं म्हणून सांगतो. टिचकी नंतर, आधी फळ उलटं करा. जमिनीला टेकलेल्या बाजूला डाग असतो, तो लोण्यासारखा पिवळट पाहिजे, पांढरा किंवा हिरवट असेल तर लवकर तोडलंय. शेतात आम्ही देठाजवळची ती स्प्रिंगसारखी तार सुकली का बघतो, पण गाडीवर येईपर्यंत ती गळालेली असते. दोन सारखी फळं उचला, जड असेल ते घ्या. कच्चं टणटण वाजतं, पिकलेलं बद्द.
आणि हे आंब्यासारखं घरी पिकत नाही बरं का, चार दिवस ठेवलं तरी तोडताना होतं तेवढंच गोड. लागवडीपासून 65-75 दिवस लागतात, पण रमजानात रेट चढला की व्यापारी बांधावर येऊन उभा राहतो मग काय चार दिवस आधीच तोडणी, आम्हीही केलीय, खोटं कशाला बोलू. तुमचं पांढरं त्यातलंच असणार. लाल पण बेचव म्हणजे बहुतेक तोडणीच्या तोंडावर पाणी जास्त झालं, नाहीतर अवकाळी आला. चांगला शेतकरी शेवटी शेवटी पाणी तोडत आणतो, त्यात वजन थोडं कमी भरतं म्हणून सगळे करत नाहीत. आत भेग असली तर मात्र घाबरू नका, फळ धरताना परागीभवन नीट झालं नाही की तसं होतं, खायला चांगलं असतं.

अर्धा_कप:
इंजेक्शनवर माझा विश्वास नाही. सुईने भोक पाडलेलं फळ या उन्हात तिथूनच सडायला लागेल, आणि रंग सगळ्या गरात एकसारखा पसरवणार कसा? तो लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतो तोच. तरी शंका असेल तर फोडीवर कापूस घासा, कापूस लाल झाला तर भेसळ, ही टेस्ट एफएसएसएआयनेच (सरकारची अन्नसुरक्षा संस्था) सांगितलीय. मला भीती वाटते ती गाडीवर कापून उघड्या ठेवलेल्या फोडींची, धूळ, माश्या आणि वर कुठला तो बर्फ.

पेठेतली_काकू:
सासऱ्यांचं ऐक गं. आमच्या वाड्यात फ्रिज नव्हता तेव्हा कलिंगड ओल्या गोणपाटात गुंडाळून मोरीत ठेवायचो, माठ गार होतो तसंच ते, पाणी उडतं आणि गारवा राहतो. बर्फासारखं नाही होत पण दात शिवशिवत नाहीत आणि गोडी नीट लागते. अख्खं फळ आठवडाभर फ्रिजमध्ये कोंबू नकोस, फार गारव्यात सालीवर खड्डे पडतात नि चव जाते. कापलेलं मात्र झाकून फ्रिजमध्येच आणि दोन-तीन दिवसांत संपव. कापायच्या आधी साल धू, सुरी बाहेरची घाण आत नेते. आणि तो पांढरा भाग टाकतेस ना? किसून थालीपिठात घाल, दुधी घालतो तसा. कोणाला कळत नाही, आमच्या ह्यांना अजून कळलेलं नाही.

ऑरेंज_सिटीवाला:
पुणेकरांना इतक्यातच झळा लागल्या होय. बाकी आमच्याकडे नागपुरात ह्याला टरबूज म्हणतात.

कोथरूडची_झळ:
@ऑरेंज_सिटीवाला इथे टरबूज मागितलं तर खरबूज हातात देतील.
@इंदापूरचा_पोरगा आज गाडीवर सहा फळं उलटी केली, गाडीवाला वैतागला पण पिवळ्या डागाचं मिळालं, अजून कापलं नाहीये. सकाळपासून बादलीत आहे आणि घरात बादली एकच, मावशी विचारतायत फरशी कशात पुसू.