व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू फार हळू चालतंय, सुडोही चालत नाही

खानापूर_बीसीए
नमस्कार. विंडोज 11 च्या लॅपटॉपवर (रॅम 8 जीबी, चार कोरचा आय5, एसएसडी 256 जीबी) व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा आभासी संगणक, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात लिनक्सचं उबुंटू 24.04 बसवलंय. त्याला 6 जीबी रॅम आणि चारही कोर दिलेत, तरी माउस अडकत चालतो आणि खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं. सुडो (ॲडमिनच्या हक्काने आज्ञा चालवणं) वापरलं की ‘हा युजर सुडोअर्स फाइलमध्ये नाही’ असं येतं. स्क्रीनही छोटीच. नेट मोबाइल हॉटस्पॉटवर आहे, सुमारे 6 जीबीची आयएसओ (उबुंटू बसवायची फाइल) परत उतरवणं परवडणार नाही. काय बदलू, तेवढं सांगा की.

टिळकवाडी_टर्मिनल
आयएसओ परत नको. ती अर्धवट उतरली नाही ना, एवढंच तपासा: पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश चालवा आणि आलेला आकडा उबुंटूच्या साइटवरच्या एसएचए256 शी (फाइलची ओळख पटवणाऱ्या आकड्याशी) ताडून बघा.

खरं दुखणं कासवात आहे. विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर (आभासी मशीन चालवणारा भाग) चालू असला की प्रोसेसरची व्हीटी-एक्स सोय (आभासी मशीनला वेग देणारी) त्याच्याच ताब्यात जाते, मग व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं आणि वेग पडतो. म्हणजे व्हीटी-एक्स तुमच्याकडे चालूच आहे, बायोसमध्ये शिरायची गरज नाही.

‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा. तिथे हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म यांच्यापुढच्या खुणा काढा (होम आवृत्तीत हायपर-व्ही दिसणार नाही, चालेल). मग विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथली मेमरी इंटिग्रिटी बंद करा आणि रिस्टार्ट द्या. बहुतेक वेळा लोक पहिलंच करतात आणि मेमरी इंटिग्रिटी विसरतात, म्हणून कासव तसंच राहतं.

हे करण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की काढून लिहून ठेवा. बऱ्याच नवीन लॅपटॉपांत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, आणि अशा बदलानंतर विंडोजने की मागितली तर ती नसताना सगळा डेटा अडकतो. शिवाय डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर ते बंद पडेल, आणि मेमरी इंटिग्रिटी हे खरोखरीचं संरक्षण आहे. कॉलेजचं काम संपलं की परत चालू करा.

रॅमचं गणितही चुकलंय. 8 पैकी 6 दिल्यावर विंडोजला 2 उरतात, ते डिस्कवर स्वॅप करत बसतं आणि दोन्हीकडचं काम रखडतं. 4 जीबी आणि दोन कोर द्या, व्हिडिओ मेमरी 128 एमबी, ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए. विंडोजमधला ब्राउझर बंद ठेवा.

निपाणी_रूट
सुडोचं कारण वेगळं. आयएसओ निवडल्यावर व्हर्च्युअलबॉक्स ‘अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ची खूण दाखवतं. ती तशीच राहिली की ते स्वतःच युजर बनवतं, त्याला सुडोचा हक्क मिळत नाही. कधी कधी लोकेलच्या (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगच्या) गडबडीमुळे टर्मिनलही उघडत नाही. दुरुस्त करता येतं, पण नवख्याने मशीन पुसून नव्याने बसवणंच सोपं. आहे तीच आयएसओ वापरा, ते पान आलं की आपोआप बसवणं टाळा (खुणेचे शब्द आवृत्तीप्रमाणे बदलतात, नीट वाचा), आणि इन्स्टॉलर हाताने चालवा. त्यात ‘इरेज डिस्क’ दिसलं की घाबरू नका, ती फक्त व्हर्च्युअल डिस्क असते. 30 जीबी डायनॅमिक पुरे. मात्र ती फाइल वाढत जाते, आतल्या फाइली पुसल्या तरी आपोआप लहान होत नाही.

मशीनचं नेटवर्क नॅटच (विंडोजच्याच नेटमधून जाणारं) ठेवा. हॉटस्पॉटवर ब्रिज्ड (मशीनला नेटवर्कवर वेगळं जोडणारं) बऱ्याचदा आयपीच मिळवत नाही.

स्क्रीनसाठी गेस्ट ॲडिशन्स (उबुंटूच्या आत बसवायची व्हर्च्युअलबॉक्सची साधनं) लागतात. सीडी लावण्याआधी जीसीसी, मेक, पर्ल, बीझिप2 आणि चालू कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर्स ॲप्टने (उबुंटूच्या पॅकेज टाकायच्या आज्ञेने) टाका. हेडर्स नसले की मॉड्यूल बनत नाही आणि स्क्रीन आहे तशीच राहते. बसवून झालं की रिस्टार्ट, मग व्ह्यू मेन्यूतलं ऑटो-रिसाइझ.

खानापूर_बीसीए
कासव गेलं, सुडो चालतंय, स्क्रीनही पूर्ण झाली. मनापासून आभार. आता त्यातच मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करायचंय.

टिळकवाडी_टर्मिनल
सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस. अधिकच्या चिन्हावर जाऊन मराठी आणि कन्नड जोडा. इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) येत नसेल तर दोन्ही भाषांचा कागप फोनेटिक घ्या, त्यात ध्वनीप्रमाणे रोमन अक्षरं दाबायची. बदलायला सुपर आणि स्पेस, म्हणजे विंडोजचं बटण आणि स्पेस. ते विंडोजलाच लागू होत असेल तर आधी उबुंटूच्या खिडकीत क्लिक करा, कीबोर्ड तिकडे गेलेला नसतो. कन्नडच्या जागी चौकोन दिसले तर फाँट्स-इंडिक पॅकेज टाका.

आणि उजवा कंट्रोल नसलेला लॅपटॉप असेल तर प्रेफरन्सेसमधल्या इनपुटमध्ये होस्ट की (माउस-कीबोर्ड परत विंडोजकडे आणणारं बटण, मुळात उजवा कंट्रोल) बदलून घ्या.

निपाणी_रूट
एवढं झालं की मशीन नीट शटडाउन करून एक स्नॅपशॉट (मशीनची त्या वेळची जपलेली स्थिती) घ्या. पुढे ॲप्ट मधेच तुटलं, लाईटीबरोबर टॉवर गेला, तर तिथूनच परत सुरू करता येतं.