चार वर्षांची सेवा संपली, मग हे पत्र कशासाठी? (अमेरिकी सैन्यातील आयआरआर)

प्रश्न

माझ्या मुलाने अमेरिकी भूदलात चार वर्षांची सक्रिय सेवा पूर्ण केली आणि या उन्हाळ्यात तो घरी आला. सैन्याशी असलेला त्याचा करार आता संपला, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. गेल्या आठवड्यात मात्र त्याला एक दिवस ‘मस्टर’साठी हजर राहण्याचे पत्र आले आणि त्यात तो ‘इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह’ (आयआरआर) या राखीव दलाचा सदस्य असल्याचे लिहिले आहे. अशा कोणत्याही दलात आपण नाव नोंदवलेले नाही, असे तो ठामपणे सांगतो. त्याने नुकतीच नोकरी धरली आहे. त्याला पुन्हा खरोखरच बोलावले जाऊ शकते का, आणि तसे झाले तर या नोकरीचे काय होईल? मन फार अस्वस्थ आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

मी स्वतः याच मार्गाने गेलेला माजी सैनिक आहे, त्यामुळे आपली अस्वस्थता समजू शकतो. आपल्या मुलाने वेगळी नोंदणी केलेली नाही हे खरे आहे, परंतु भरतीच्या दिवशी त्याने ज्या करारावर सही केली, त्यातच ही जबाबदारी होती. अमेरिकी कायद्यानुसार पहिल्यांदा भरती होणाऱ्याची एकूण सेवाबांधिलकी सहा ते आठ वर्षांची असू शकते आणि प्रत्यक्षात ती आठ वर्षांचीच धरली जाते. त्यांपैकी जी वर्षे सक्रिय सेवेत गेली नाहीत, ती राखीव दलात काढावी लागतात. भरतीच्या वेळी सगळे बोलणे ‘चार वर्षां’चेच होते आणि उरलेली चार वर्षे कागदावरच राहतात, ही खंत मला आजही वाटते.

त्याचा ‘डीडी २१४’ हा, सक्रिय सेवेतून बाहेर पडताना मिळणारा दाखला काढून पाहा. त्याच्या रकाना ६ मध्ये राखीव बांधिलकी संपण्याची तारीख असते. दाखल्यावर ‘डिस्चार्ज’ असे लिहिले आहे की ‘सक्रिय सेवेतून मुक्त’ असे, हेही नीट वाचा, कारण दुसऱ्या शब्दप्रयोगाचा अर्थ तो सैनिक अजून राखीव दलात आहे असा होतो.

आयआरआरमध्ये दरमहा कवायत नसते आणि पगारही नसतो. पत्ता, प्रकृती, नोकरी आणि अवलंबून असलेल्या व्यक्ती यांत बदल झाल्यास तो कळवणे आणि मस्टरला बोलावल्यास हजर राहणे, एवढेच सामान्यतः अपेक्षित असते. मस्टर म्हणजे कागदपत्रांची व उपलब्धतेची तपासणी. ती वर्षातून एकदा होऊ शकते आणि तिचा भत्ता मिळतो. ते युद्धावर जाण्याचे बोलावणे नव्हे. त्या दिवशी येणे अशक्य असेल, तर पत्रातील क्रमांकावर आधीच कळवावे. पत्र बाजूला टाकून देऊ नये.

उत्तर २

बोलावण्याच्या शक्यतेबद्दल लिहितो. राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केल्यास सज्ज राखीव दलातील दहा लाखांपर्यंत सैनिकांना सलग २४ महिन्यांपर्यंत बोलावता येते, आणि आयआरआर या दलाचाच भाग आहे. आखाती युद्धात जानेवारी १९९१ मध्ये भूदलाने आयआरआरमधील हजारो सैनिकांना परत घेतले. २००४ मध्ये इराक व अफगाणिस्तानसाठी सुमारे ५,६०० जणांना बोलावण्याचे जाहीर झाले, तर २००६ मध्ये मरीन कोअरला एका वेळी २,५०० पर्यंत मरीन बोलावण्याची परवानगी मिळाली. जुलै २०२३ मध्ये युरोपातील मोहिमेसाठी ३,००० राखीव सैनिकांना मान्यता देण्यात आली. त्यांत आयआरआरचे ४५० पर्यंतच असू शकत होते. म्हणजे ही तरतूद केवळ नावापुरती नाही, पण तिचा सरसकट वापरही होत नाही.

प्रकृती किंवा कुटुंबाची गंभीर अडचण असल्यास मुदतवाढीसाठी किंवा सवलतीसाठी अर्ज करता येतो. नोकरीसंबंधी १९९४ चा ‘युसेरा’ कायदा आहे. त्याच्या अटी पाळून परतलेल्या सैनिकाला मालकाने पुन्हा कामावर घ्यावेच लागते.

आणखी एक गोष्ट, अधिकाऱ्यांसाठी. आठ वर्षे भरली म्हणून अधिकाऱ्याचे कमिशन (अधिकारपदावरील नेमणूक) आपोआप संपत नाही. त्याला राजीनामा द्यावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे २००४ मध्ये बोलावणे आलेले काही अधिकारी चकित झाले होते.

उत्तर ३

माझे पती आयआरआरमध्ये असताना आम्ही दोनदा घर बदलले आणि पत्ता कळवायचा राहून गेला. मस्टरचे पत्र जुन्या घरी जाऊन पडले आणि पुढचे कित्येक आठवडे खुलासे देण्यात गेले. आपल्या मुलाला भूदलाच्या मनुष्यबळ विभागाकडे, म्हणजे केंटकीतील फोर्ट नॉक्स येथे, आपला पत्ता व ईमेल आजच तपासून घ्यायला सांगा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपल्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. दाखला काढून पाहिला; त्यावर ‘सक्रिय सेवेतून मुक्त’ असेच लिहिले आहे आणि रकाना ६ मधील तारीख अजून जवळजवळ चार वर्षे पुढची आहे. मुलाने मस्टरला जाण्याचे ठरवले असून त्या दिवसाची रजा मागण्यासाठी पत्राची प्रत उद्याच कार्यालयात देणार आहे.