मिनी कूपर एसची पुली बदलून बूस्ट वाढवायचाय, इंजिन टिकेल ना?

जर्सीकर: मंडळी, मी न्यू जर्सीत असतो, 2005 ची आर53 (म्हणजे मिनी कूपर एसच) सेकंडहँड घेतलीय, 1.6 लिटर आणि इटनचा एम45 सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा, बेल्टवर चालणारा पंप. सगळे म्हणतात त्याची पुली (बेल्टची चाकी) 15 टक्के लहान टाक, बूस्ट म्हणजे हवेचा दाब वाढेल, मजा येईल. पण इंजिन बसलं तर बायको मलाच गॅरेजमध्ये झोपवेल, म्हणून आधी विचारतोय.

ग्रीसवाला: 15 टक्के लहान म्हणजे ब्लोअर (सुपरचार्जरच) साधारण 17-18 टक्के जास्त जोरात फिरणार, बेल्टही आखूड लागतो. खरा शत्रू बूस्ट नाही रे, उष्णता. रूट्स टाइप ब्लोअर हवा दाबताना तापवतो, इनटेक गरम झाला की नॉकिंग (मिक्स्चर आपोआप पेटून ठोके), मग ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) स्पार्कचं टायमिंग मागे घेतो आणि वाढलेली पॉवर गेली वाऱ्यावर. 93 ऑक्टेनचं पेट्रोलच भर, स्पार्क प्लग एक स्टेप कोल्ड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घे, आणि वाइडबँड (मिक्स्चर मोजणारा एक्झॉस्टमधला सेन्सर) लावून फुल थ्रॉटलला मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) होतंय का ते लॉग कर. 19 टक्केवाल्यांचं ऐकू नकोस.

जर्सीकर: इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) बदलू का?

ग्रीसवाला: आधी आहे त्याचे डायव्हर्टर (बाहेरची हवा त्याच्यावर वळवणारा भाग) आणि रबरी बूट फाटलेत का बघ, बऱ्याच गाड्यांत तिथूनच गळती असते.

जुनी_गाडी: पुलीआधी सुपरचार्जरचं ऑइल बघा हो!! त्याला इंजिनचं ऑइल जात नाही, वेगळं असतं, आणि वॉटर पंप त्याच ब्लोअरच्या गिअरवर चालतो. माझं कोरडं पडलं होतं, गिअर झिजले, पंप बंद, गाडी हायवेवर उकळली.

जर्सीकर: बापरे. शनिवारी ब्लोअरच उतरवतो, पुली नंतर.