ओव्हरड्राफ्टची फी कोणी भरायची?
दुकानदाराने कार्डावरून एकाच खरेदीचे पैसे डबल कापले, त्यामुळे घरभाड्याचा चेक ओव्हरड्राफ्ट झाला (म्हणजे खात्यात पैसे कमी पडले) आणि बँकेने ३५ डॉलर फी लावली. आता दुकानदाराने डबल कापलेले पैसे परत केले पण फीचं तुझं तू बघ म्हणतोय, हे अजिबात मान्य करू नका. दुकानदाराकडे भरपाई मागाच, पण आधी बँकेत रीतसर डिस्प्यूट (चुकीच्या व्यवहाराची तक्रार) टाका. डेबिट कार्ड असेल तर अमेरिकेत रेग्युलेशन ई (इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण देणारा नियम) लागू होतं, त्यात चूक सिद्ध झाली की बँकेला मूळ रकमेसोबत त्या चुकीमुळे स्वतः लावलेली फीसुद्धा परत द्यावी लागते. बँकेने स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत कळवायचं, फोन केलात तरी मागून लेखी पाठवाच आणि त्यात डबल चार्ज, त्याच्यामुळे ओव्हरड्राफ्ट झालेला घरभाड्याचा चेक, फी असं तारखांसकट लिहा, नाहीतर बँक नुसती मूळ रक्कम बघते आणि फी तशीच राहते.