बी विंग ग्रुप: अकरावीला गणित ठेवायचं की सोडायचं?

वानखेडे ताई (३०२): माफ करा, पण स्पष्टच बोलते. माझ्या पोरीला लिफ्टमध्ये गाठून सल्ले देणं बंद करा. काल "गणित सोडलं तर पस्तावशील" ऐकून आली, रात्री धड जेवली नाही. तिला डॉक्टर व्हायचंय, बस.

गिरीपुंजे काका (१०४): गणित ठेवावे. सर्व दरवाजे उघडे राहतात. 🙏

वानखेडे ताई: म्हणजे तुम्हीच नं काका.

पिंटूभाऊ (४०१): एवढे दरवाजे उघडे ठेवले तर कूलर काय कामाचा 😂

सेक्रेटरी: कूलरला खिडकी उघडीच लागते भाऊ. तुमच्याकडून दोन महिन्यांचा मेंटेनन्स यायचा आहे.

पिंटूभाऊ: इथं कुठून आला मेंटेनन्स?

देशकर सर (२०१): नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, १८० प्रश्न. बायो ९०, फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५. गणिताचा पेपरच नाही. बारावीचे मार्क मेरिटला धरत नाहीत, ओपनला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) ५० टक्के असले की पात्र. मग जास्तीचा विषय कशाला?

गिरीपुंजे काका: गणित ठेवावे. सर्व दरवाजे उघडे राहतात. 🙏

मेश्राम काकू (३०१): नीट नाही झालं तर? पीसीबीवर फार्मसी, ॲग्री आहे. पण इंजिनीअरिंगसाठी गणित लागतेच नं.

वानखेडे ताई: काकू, ॲडमिशन व्हायची आहे अजून. आत्तापासून "नाही झालं तर" काहून?

डॉ. निखिल (५०२): नाइट करून आलो, थोडक्यात सांगतो. फिजिक्सला लॉग, ग्राफचा स्लोप, थोडं डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन लागते. चांगला सर ते सुरुवातीलाच करून घेतो. त्यासाठी दोन वर्षं अख्खा विषय ओढायची गरज नाही. आवडत असेल तर ठेवावा, भीतीपोटी नको. मात्र प्रॅक्टिकल खरंच घेतात असं कॉलेज पाहा. आमच्या फर्स्ट इयरला एकाने मायक्रोस्कोपचं हाय पॉवर सरळ खाली फिरवून स्लाइडच फोडली. नीटचा स्कोअर माझ्यापेक्षा जास्त होता त्याचा. बारावीची जर्नल क्लासमध्ये बसून उतरवलेली.

पिंटूभाऊंच्या मिसेस: आमचा मुलगा इंटिग्रेटेडलाच आहे, कॉलेज अन् क्लास एकत्र. टोमणा पोचला. धन्यवाद डॉक्टरसाहेब.

डॉ. निखिल: वहिनी, तुम्हाला नाही हो म्हटलं.

पिंटूभाऊंच्या मिसेस: हो नं. आम्हाला काय कळते.

देशकर सर: इंटिग्रेटेडमध्ये हजेरी एका जागी अन् पोरगं दुसऱ्या जागी असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी वर्गात रिकामे बाक पाहूनच रिटायर झालो.

पिंटूभाऊ: सर, तुमच्याच घरी ट्यूशनला तीन बॅचेस चालायच्या. पार्किंग आमचं जायचं.

सेक्रेटरी: पर्सनल नको. 🙏

गिरीपुंजे काका: गणित ठेवावे. सर्व दरवा

गिरीपुंजे काका: चुकून अर्धा गेला.

वानखेडे ताई: निखिल, ती बायोच घेते म्हणून राहिली, गणित नाही. तुझ्या फिजिक्सच्या नोट्स आहेत का रे?

डॉ. निखिल: मेश्राम काकूंकडे दिल्या होत्या.

मेश्राम काकू: अगबाई. दिवाळीत रद्दी दिली, त्यात तर नाही गेल्या?