हिम पडणे, हिम बसणे, हिम पडून असणे: उत्तर इंग्लंडच्या हिवाळ्यासाठी मराठी शब्द

प्रश्न

उत्तर इंग्लंडच्या हवामानावरील एका वर्णनाचे मराठी भाषांतर माझ्याकडे आले आहे. पेनाइन डोंगररांगेच्या पायथ्याची आणि माथ्याजवळची गावे यांची त्यात तुलना असून प्रत्येक गावासाठी दोन आकडे दिले आहेत. वर्षातून किती दिवस आकाशातून हिम येते हा पहिला आकडा, आणि किती दिवस ते जमिनीवर असते हा दुसरा. पहिल्यासाठी "हिमवर्षावाचे दिवस" हा शब्दप्रयोग पुरेसा वाटतो. दुसऱ्यासाठी "हिम पडलेले दिवस" असे सुचवले गेले आहे, परंतु ते पहिल्याचेच दुसरे रूप वाटते. "हिमाच्छादन" नेमके आहे, पण गावच्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही. शिवाय "हिम" लिहावे की "बर्फ", हाही प्रश्न आहेच. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

अडचणीचे मूळ "पडणे" या क्रियापदात आहे. आपल्याकडे झाडावरून आंबा पडतो आणि कुणी उचलेपर्यंत तो तिथेच पडलेला असतो, म्हणजे वरून खाली येण्याची क्रिया आणि खाली आल्यानंतरची स्थिती ही दोन्ही एकाच धातूने सांगितली जातात. त्यामुळे "बाहेर हिम पडले आहे" या वाक्यातून रात्री केव्हातरी हिम आले एवढेच सांगायचे आहे, की आता या क्षणी अंगण पांढरे आहे, हे कळत नाही. पावसाच्या बाबतीत हा घोटाळा होत नाही, कारण पडून गेलेल्या पावसाला आपण पाऊस म्हणत नाही. त्याचे पाणी होते, ओल होते, चिखल होतो. गारा पडल्या तरी त्या थोड्याच वेळात विरघळतात. आकाशातून येऊन दुसऱ्या दिवशीही तीच वस्तू म्हणून अंगणात राहील असे महाराष्ट्राच्या हवेत काही नाही, तेव्हा हा भेद दाखवणारा तयार शब्द भाषेत नसावा यात नवल नाही.

हा भेद तिकडे किती काटेकोरपणे पाळला जातो ते आधी पाहू, म्हणजे शब्द निवडणे सोपे जाईल. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या मोजणीत चोवीस तासांत केव्हाही हिम पडताना दिसले, मग ते पाच मिनिटे का असेना, की तो हिमवर्षावाचा दिवस ठरतो. जमिनीवरील हिमाची कसोटी निराळी आहे. ग्रीनिच वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजता निरीक्षण केंद्राच्या आसपासची निम्मी किंवा त्याहून अधिक जमीन हिमाने झाकलेली असेल, तरच तो दिवस मोजला जातो. सकाळी दहा वाजता भरपूर हिम येऊन संध्याकाळपर्यंत वितळले, तर पहिल्या रकान्यात एक दिवस वाढतो आणि दुसऱ्यात काहीच नाही. याउलट सोमवारी आलेले हिम कडाक्याच्या थंडीमुळे शनिवारपर्यंत राहिले, तर पहिल्या रकान्यात एक आणि दुसऱ्यात पाच दिवस जमा होऊ शकतात. म्हणजे पहिला रकाना घटनेचा आहे आणि दुसरा स्थितीचा, आणि यांतला कोणता मोठा असेल हे त्या गावाच्या उंचीवर व हवेवर अवलंबून असते.

१९८१ ते २०१० या तीस वर्षांच्या सरासरीनुसार संपूर्ण ब्रिटनमध्ये वर्षाला २३.७ दिवस हिम किंवा पाऊसमिश्रित हिम पडत असे, तर जमिनीवर ते १५.६ दिवस असे. स्कॉटलंडसाठी हेच आकडे ३८.१ आणि २६.२ होते. उत्तर इंग्लंडविषयी बोलताना मात्र अशा प्रादेशिक सरासरीचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे तासाभराच्या प्रवासात हिवाळा बदलतो. ईडन नदीच्या खोऱ्यातले पेनरिथ समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरपेक्षाही खाली आहे. तिथून ऑल्स्टनकडे जाणारा रस्ता हार्टसाइडच्या खिंडीत ५८० मीटरवर चढतो, आणि शेजारचा क्रॉस फेल हा पेनाइनचा सर्वांत उंच माथा ८९३ मीटरवर आहे. दर शंभर मीटरला सुमारे ०.६५ अंश तापमान उतरते असे धरले, तर पेनरिथ आणि हार्टसाइड यांच्यात साधारण तीन अंशांचा फरक पडतो. मुंबई आणि लोणावळा यांच्यातला असा फरक आपल्याला फक्त सुखावतो, पण तिकडच्या हिवाळ्यात तापमान बहुतेक वेळा शून्याच्या थोडेसे वरच घुटमळत असते, आणि तिथे तीन अंश सगळे ठरवतात. एकाच ढगातून एकाच दुपारी दोन्हीकडे हिम येते. खाली ते ओल्या डांबरी रस्त्यावर टेकताच नाहीसे होते, आणि वर खिंडीचा रस्ता बंद होतो.

म्हणून या प्रदेशात गावागावांमधला फरक पहिल्या रकान्यापेक्षा दुसऱ्यात अधिक उठून दिसतो. खोऱ्यातल्या माणसाने "आमच्याकडेही हिम पडते" म्हटले तर ते खरेच असते, परंतु डोंगरावरच्या शेतकऱ्याला ज्या हिवाळ्याशी झगडावे लागते तो दुसऱ्या रकान्यात असतो. भाषांतरात हे दोन रकाने एकमेकांत मिसळले तर वर्णनाचा मुख्य मुद्दाच नाहीसा होईल.

उंचीच्या जोडीला वाऱ्याची दिशाही लक्षात घ्यावी लागते. थंडीच्या दिवसांत पूर्वेकडून वारा आला की तो उत्तर समुद्रावरून ओलावा आणि ऊब उचलतो, आणि हिमाच्या सरी नॉर्थम्बरलंड, डरहम परगणा व नॉर्थ यॉर्क मूर्स यांवर येतात. त्याच वेळी पेनाइनच्या पश्चिमेला लँकाशायरमध्ये पुष्कळदा नुसते कोरडे, बोचरे ऊन असते. सह्याद्रीचा घाटमाथा आणि त्यापलीकडचे पर्जन्यछायेतले तालुके माहीत असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फक्त इथे वारा पूर्वेचा आहे, त्यामुळे कोरडी बाजू पश्चिमेची.

दोन्ही अर्थ वेगळे ठेवले नाहीत तर काय होते, याचे उदाहरण तिथल्या नाताळात दरवर्षी सापडते. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कुठेही हिमाचा एक कण पडताना दिसला, तरी तो नाताळ "पांढरा" ठरतो. २०२३ साली ११ टक्के केंद्रांवर हिम पडल्याची नोंद झाली, पण जमिनीवर हिम असल्याची नोंद एकाही केंद्रावर नव्हती, म्हणजे नोंदीत पांढरा आणि डोळ्यांना हिरवा असा तो नाताळ होता. २०१० साली नेमके उलटे घडले. त्या दिवशी १९ टक्के केंद्रांवर हिम पडले, आणि ८३ टक्के केंद्रांवर ते आधीपासूनच जमिनीवर होते. "पांढरा नाताळ" हा शब्द ऐकून सामान्य माणसाच्या मनात दुसरा अर्थ येतो आणि मोजणी मात्र पहिल्या अर्थाने होते, याला काय म्हणावे!

माझी सूचना अशी आहे. तक्त्यात "हिमवर्षावाचे दिवस" आणि "हिमाच्छादित दिवस" ही जोडी ठेवावी. परिभाषेला थोडा जडपणा चालतो. वर्णनात मात्र "बसणे" आणि "राहणे" ही क्रियापदे वापरावीत. धूळ बसते, थर बसतो, त्याचप्रमाणे हिम बसते. "रात्रभर हिम पडत होते, पण खोऱ्यात ते बसले नाही, वरच्या वाडीत मात्र ते आठवडाभर राहिले" हे वाक्य कोणत्याही मराठी वाचकाला टिपेशिवाय समजेल. "पडून आहे" टाळावे, कारण त्यात दुर्लक्षाची छटा आहे. कचेरीतली फाइल पडून असते, माल पडून असतो. "जमणे" हेही टाळावे, कारण हिंदीच्या प्रभावामुळे त्यातून गोठण्याचा अर्थ निघतो.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त "बसणे" आणि "राहणे" यांत एक पायरी सुटली आहे, ती म्हणजे "साचणे". हिम बसले याचा अर्थ ते वितळायचे थांबले आणि जमीन पांढरी होऊ लागली. साचले म्हणजे त्याला जाडी आली. निम्मी जमीन झाकणारा बोटभर थर आणि कुंपणापर्यंत आलेला थर हे दोन्ही "हिमाच्छादित दिवस" म्हणून सारखेच मोजले जातात, तेव्हा खोली सांगायची असेल तर "साचणे" हेच क्रियापद हवे.

खुद्द इंग्लंडमध्येही या बाबतीत एकवाक्यता नाही, हे आपल्याला उपयोगी पडेल. प्रमाण इंग्रजीत ज्याला "सेटल" होणे म्हणतात, त्याला यॉर्कशायरसारख्या उत्तरेकडील भागांत "स्टिक" होणे म्हणतात. खिडकीतून बाहेर पाहत विचारला जाणारा प्रश्न "ते चिकटतेय का?" असा असतो. नैर्ऋत्य इंग्लंड आणि दक्षिण वेल्समध्ये हेच "पिच" होते, आणि स्कॉटलंडमध्ये "लाय", म्हणजे हिम निजते असे म्हटले तरी चालेल. उत्तरेच्या जुन्या बोलीत निजण्यासाठी "लिग" असे स्कँडिनेव्हियन वळणाचे क्रियापद होते. डोंगराला "फेल" म्हणणाऱ्या त्याच वसाहतींचा तो वारसा आहे. आपल्या भाषांतरातला बोलणारा माणूस यॉर्कशायरचा असेल, तर "चिकटणे" शब्दशः आणू नये, कारण मराठीत त्यातून चिखल किंवा गूळ डोळ्यांपुढे येतो. "बर्फ धरतोय का?" असे विचारले तर कसे वाटेल? झाड फळ धरते, कापड रंग धरते, तशी जमीन हिम धरते. बोलीच्या ओघात मला हे "बसणे"पेक्षाही सहज वाटते.

आणखी एक गोष्ट. पेनाइनच्या मेंढपाळांच्या दृष्टीने सर्वांत वाईट हिम हे सपाट पसरलेले नसून वाऱ्याने लोटून दगडी कुंपणांच्या आडोशाला रचलेले असते, कारण मेंढ्या वाऱ्यापासून वाचण्यासाठी त्याच आडोशाला जातात आणि तिथेच गाडल्या जातात. २०१३ च्या मार्चअखेरीस कंब्रियात असेच घडले. अशा राशींचा मोजणीतल्या खोलीशी संबंध नसतो, कारण खोली सपाट, मोकळ्या जागी मोजतात. या राशींना "हिमाचे ढिगारे" म्हणण्यापेक्षा "लोटलेले हिम" म्हणावे, म्हणजे वारा शब्दातच येईल. मेंढ्या विण्याच्या हंगामात येणाऱ्या उशिराच्या हिमाला तिकडे वेगळे नाव आहे. त्याला "विणीच्या दिवसांतले हिमवादळ" म्हटले तर पुरे.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

"धरणे" मला पटले. संवादात "धरणे", निवेदनात "बसणे" आणि "साचणे", तक्त्यात "हिमाच्छादित" अशी वाटणी करता येईल. मात्र आपल्या वाक्यात "बर्फ" आला आहे, आणि मूळ प्रश्नातला तो भाग अजून अनुत्तरित आहे.

फारसीत "बर्फ" म्हणजे आकाशातून येणारे मऊ हिम. गोठलेल्या पाण्याला तिथे "यख" म्हणतात. मराठीत आल्यावर मात्र हा शब्द लादीचा, गोळ्याचा आणि शीतपेटीचा झाला. "हिम" हा संस्कृत शब्द आपल्याकडे पुस्तकी राहिला, आणि त्याचेच घरगुती रूप असलेल्या "हिंव" या शब्दातून पदार्थ निघून जाऊन केवळ गारठा उरला. हिवाळा आणि हिवताप ही त्याचीच मुले. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते तेव्हा बातमीत "हिमकण" छापले जातात, वस्तुतः तिथे आकाशातून काहीच आलेले नसते. एवढ्या सरमिसळीत कोणताही शब्द निर्दोष मिळणार नाही. तरीही उत्तर इंग्लंडसंबंधी लिहिताना "हिम" आणि "बर्फ" वेगळे ठेवणे आवश्यक आहे, कारण तिथे हिमाचा इशारा वेगळा असतो आणि बर्फाचा वेगळा. दिवसा अर्धवट वितळलेले हिम रात्री पुन्हा गोठले की रस्त्यावर काचेसारखा थर तयार होतो, तो बर्फ. "रस्त्यावर बर्फ साचला" असे लिहिले तर फावडे घ्यायचे की घसरण्यापासून जपायचे, हे वाचकाला कळणार नाही. पात्रांच्या बोलण्यात "बर्फ पडतोय" अवश्य राहू द्यावे, कारण लीड्स किंवा मँचेस्टरमधली मराठी कुटुंबेही "बर्फ" अथवा सरळ "स्नो" म्हणतात. घरात "हिम पडत आहे" कोणी म्हणत नाही.

जाता जाता क्रिकेटचा दाखला देतो. १९७५ साली २ जून रोजी डर्बीशायर आणि लँकाशायर यांचा सामना पेनाइनच्या दक्षिण टोकाशी, सुमारे ३०० मीटर उंचीवरील बक्स्टन येथे चालू होता. आधीच्या शनिवारी क्लाइव्ह लॉइड यांनी तिथे नाबाद १६७ धावा केल्या होत्या, आणि सोमवारी मैदान पांढरे झाल्यामुळे खेळ होऊ शकला नाही. हा सामना "हिमवर्षावामुळे" थांबला असे लिहिणे मला अपुरे वाटते. हिम मैदानावर बसल्यामुळे तो थांबला.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही आभार. "बसणे", "धरणे", "साचणे" आणि "हिमाच्छादित" यांची वाटणी स्वीकारतो. एकच शंका उरते. पहिल्या आकड्यात हिमाबरोबर पाऊस मिसळलेला असतो ते दिवसही धरले आहेत. त्यांना "हिमवर्षाव" म्हणणे योग्य होईल का?

उत्तर

मोजणीत ते धरले जातात, तेव्हा तक्त्याच्या मथळ्यात "हिमवर्षावाचे दिवस, पाऊसमिश्रित हिमासह" असे पूर्ण लिहावे. या मिश्रणाला ब्रिटनमध्ये "स्लीट" म्हणतात, पण अमेरिकेत तोच शब्द गोठलेल्या थेंबांच्या बारीक गोळ्यांसाठी वापरतात, त्यामुळे तो देवनागरीत उतरवूनही अर्थ निश्चित होत नाही. "गारा" तर मुळीच नको. वर्णनात "हिमाळ पाऊस" असा शब्द घडवून पाहावा. "दुपारभर हिमाळ पाऊस झाला, बसले काहीच नाही" हे खोऱ्यातल्या जानेवारीचे पुरेसे खरे वाक्य आहे.