'जैव', 'जैवप्रेरित' आणि 'जैवानुकारी'

तापीकाठ : भाषांतरात ट्रोपोनिन (हृदयस्नायूतलं प्रथिन) मोजणाऱ्या 'बायोइन्स्पायर्ड बायोसेन्सर'ला 'जैवप्रेरित जैवसंवेदक' म्हटलं, पण दोनदा 'जैव' खटकतं. एक गाळू का?

केळीबाग : गाळू नका भाऊ, दोन्ही 'जैव' वेगळे आहेत. ओळख पटवणारा भाग सजीवातून आला असेल (विकर म्हणजे एन्झाइम, प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, किंवा पेशी), तरच तो जैवसंवेदक. आपल्या पिकाचंच बघा. 1985 मध्ये केळ्याच्या गराचा थर ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर बसवून डोपामाइन मोजलं, नावच 'बनानाट्रोड'. गरातलं विकर डोपामाइनचं ऑक्सिडीकरण करतं, त्यात खर्ची पडलेला ऑक्सिजन इलेक्ट्रोड टिपतो. कापलेलं केळं काळं पडतं तेही याच क्रियेनं. हा जैवसंवेदक, पण जैवप्रेरित नाही. गर खराच होता.

जैवप्रेरितमध्ये युक्ती निसर्गाची, माल बाटलीतला. खडकाला धरून बसणाऱ्या शिंपल्याची चिकटण्याची युक्ती घ्या : 10 मिलीमोलर ट्रिस (सामू स्थिर ठेवणारं द्रावण), सामू (पीएच) 8.5, दर मिलिलिटरला 2 मिलिग्रॅम डोपामाइन, भांडं उघडं. इलेक्ट्रोडवर काळपट थर धरतो, त्यावर प्रतिपिंड जोडायचं. सामू आम्लाकडे झुकला की थर धरतच नाही.

सातपुडा : मग ठसा-बहुलकाचं (रेणूचा ठसा घेतलेल्या पॉलिमरचं) काय? ऑर्थो-फिनिलिनडायअमाइनमध्ये ट्रोपोनिन मिसळून इलेक्ट्रोडवर पापुद्रा वाढवतात, प्रथिन धुऊन काढतात, खाच उरते. त्यात जैव काहीच नाही.

केळीबाग : तिथे 'जैवानुकारी संवेदक'. प्रतिपिंडाची नक्कल आहे ती. फरक नुसता शब्दाचा नाही. प्रतिपिंडाच्या काही पट्ट्या 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात. मे महिन्यात जळगाव 45 गाठतं तेव्हा ठसापट्टी जास्त तग धरते. पण तिच्या खोडी आहेतच. पापुद्रा जाड झाला तर ट्रोपोनिन आत गाडलं जातं, धुतलं तरी निघत नाही. खाच भरली की फेरीसायनाइडचा (मोजणीसाठी द्रावणात घातलेल्या रसायनाचा) विद्युतप्रवाह घटतो, पण रक्तातलं अल्ब्युमिन पृष्ठभागावर नुसतं चिकटलं तरी तो घटतोच! म्हणून शेजारी बिनठशाची पट्टी लावून दोन्हींतला फरक धरायचा.

तापीकाठ : 'बायोमार्कर'ला '(हृदयविकाराच्या) झटक्याची खूण' लिहिलंय.

सातपुडा : 'जैवखूण' चालेल, 'झटक्याची' नको. ट्रोपोनिन हृदयस्नायूला इजा झाल्याचं सांगतं, कशानं झाली ते नाही. हृदयस्नायूदाहात, मूत्रपिंड निकामी असतानाही ते वाढलेलं दिसतं. उलट झटका खरा असूनही पहिल्या दोन-तीन तासांत कमी दिसू शकतं, म्हणून काही तासांनी पुन्हा मोजतात. 'हृदयस्नायू-इजेची जैवखूण' लिहा, आणि कंसात 'ट्रॉप-आय' (ट्रोपोनिन-आयचं छोटं रूप) राहू द्या. वॉर्डात तेवढंच कळतं.